मॅन्युएल गार्सिया (कनिष्ठ)

मॅन्युएल पॅट्रिसिओ रॉड्रिगेझ गार्सिया (१७ मार्च १८०५ – १ जुलै १९०६) हे स्पॅनिश बॅरिटोन गायक, गायनशिक्षक आणि कंठसंगीतविषयक ग्रंथांचे लेखक होते. गायक म्हणून त्यांची रंगमंचीय कारकीर्द अल्पकाळातच संपली. मात्र पॅरिस व लंडन येथे त्यांनी सहा दशकांहून अधिक काळ केलेल्या अध्यापनामुळे ते एकोणिसाव्या शतकातील सर्वांत प्रभावी गायनशिक्षक ठरले. १८५४ मध्ये त्यांनी आरशाच्या साहाय्याने स्वतःच्या गळ्यातील स्वरयंत्राचे कार्य गात असताना पाहिले. या प्रयोगामुळे स्वरयंत्रदर्शकाचे (लॅरिंगोस्कोपचे) जनक म्हणूनही त्यांना ओळखले जाते. संगीत आणि वैद्यक या दोन्ही क्षेत्रांच्या इतिहासात स्थान मिळवणाऱ्या मोजक्या व्यक्तींमध्ये त्यांची गणना होते.

त्यांचे वडीलही मॅन्युएल गार्सिया याच नावाने प्रसिद्ध होते. त्यामुळे संगीतविषयक लेखनात पित्याचा उल्लेख ‘ज्येष्ठ’ आणि पुत्राचा उल्लेख ‘कनिष्ठ’ असा करण्याची प्रथा आहे. या लेखात ‘गार्सिया’ असा केवळ आडनावाने केलेला उल्लेख कनिष्ठ गार्सिया यांचा समजावा.

कुटुंब आणि शिक्षण

गार्सिया यांचा जन्म स्पेनमध्ये एका गायक घराण्यात झाला. वडील मॅन्युएल गार्सिया (१७७५–१८३२) हे सेव्हिल येथे जन्मलेले ख्यातनाम टेनर गायक, संगीतकार व गायनशिक्षक होते. रोसिनी यांच्या ‘सेव्हिलचा न्हावी’ या संगीतिकेचा पहिला प्रयोग १८१६ मध्ये रोममध्ये झाला, तेव्हा त्यातील काउंट अल्माविवाची भूमिका त्यांनी केली होती. आई होआकिना याही गायिका होत्या. गार्सिया यांच्या दोन्ही धाकट्या बहिणी युरोपात अतिशय नावाजल्या. मारिया (१८०८–१८३६) ही मारिया मालिब्रान या नावाने त्या काळातील सर्वांत लोकप्रिय गायिकांपैकी एक ठरली, तर पॉलिन (१८२१–१९१०) ही पॉलिन व्हियार्दो या नावाने गायिका, संगीतकार आणि शिक्षिका म्हणून प्रसिद्ध झाली.

ज्येष्ठ गार्सिया यांनी नेपल्स येथे जोव्हान्नी आन्सानी या इटालियन टेनर गायकाकडे शिक्षण घेतले होते. अठराव्या शतकातील इटालियन गायनपरंपरा त्यांच्याकरवी मुलांपर्यंत पोहोचली. श्वासावर ताबा, स्वर हळूहळू वाढवून पुन्हा लहान करणे, सर्व पट्ट्यांतून एकसारखा आवाज फिरवणे आणि द्रुत ताना स्वच्छ घेणे हे तिचे मुख्य विशेष होते. ज्येष्ठ गार्सिया शिस्तीचे कठोर होते आणि मुलांच्या रियाजाबाबत कसलीही सवलत देत नसत. कनिष्ठ गार्सिया यांचे गायनाचे प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडेच झाले.

रंगमंचावरील कारकीर्द

१८२५ मध्ये ज्येष्ठ गार्सिया आपले कुटुंब आणि काही सहकारी गायक यांची मंडळी घेऊन न्यूयॉर्क येथे गेले. २९ नोव्हेंबर १८२५ रोजी पार्क थिएटरमध्ये या मंडळीने ‘सेव्हिलचा न्हावी’ सादर केली. न्यूयॉर्क शहरात इटालियन भाषेत झालेला संगीतिकेचा हा पहिला प्रयोग मानला जातो. त्यात वडिलांनी अल्माविवाची, मारियाने नायिका रोझिनाची, आईने बेर्ताची आणि वीस वर्षांच्या कनिष्ठ गार्सिया यांनी फिगारो या न्हाव्याची भूमिका केली. फिगारो ही बॅरिटोन गायकासाठी लिहिलेली प्रमुख भूमिका आहे. पाश्चात्त्य संगीतात पुरुषांच्या आवाजाचे उंच (टेनर), मध्यम (बॅरिटोन) आणि खर्जाचा (बेस) असे तीन मुख्य प्रकार मानतात. गार्सिया यांचा आवाज यांपैकी मधल्या प्रकारात मोडत असे.

न्यूयॉर्कमधील हंगामात मंडळीतील गायकांची संख्या मर्यादित होती आणि प्रयोग वारंवार होत असत. तरुण गार्सिया यांच्या आवाजावर या काळात मोठा ताण पडला. मारिया विवाहानंतर न्यूयॉर्कमध्येच राहिली आणि उरलेले कुटुंब मेक्सिकोला गेले. तेथून परतीच्या वाटेवर दरोडेखोरांनी त्यांची कमाई लुटून नेली.

युरोपात परतल्यावर गार्सिया यांनी रंगमंचावर जम बसवण्याचा प्रयत्न केला. परंतु आवाज पुरेसा साथ देत नव्हता आणि अभिनयाचीही त्यांना फारशी ओढ नव्हती. वयाच्या पंचविशीतच त्यांनी गायक म्हणून रंगमंच सोडला. मालिब्रान आणि व्हियार्दो या बहिणींच्या वाट्याला आलेले यश त्यांना लाभले नाही. त्यांचे पुढील सर्व कार्य मात्र या अपयशातून उभ्या राहिलेल्या एका प्रश्नाशी निगडित आहे: मानवी आवाज नेमका कसा निर्माण होतो आणि तो कशामुळे बिघडतो?

१८३० मध्ये फ्रेंच सैन्याने अल्जीअर्सवर स्वारी केली, तेव्हा गार्सिया त्या मोहिमेत सहभागी झाले. परतल्यानंतर त्यांनी काही काळ लष्करी रुग्णालयांत काम केले. तेथे त्यांना शरीररचनाशास्त्राचा, विशेषतः गळा व स्वरयंत्र यांच्या रचनेचा अभ्यास करण्याची संधी मिळाली. त्याच सुमारास ते पॅरिसमध्ये वडिलांच्या अध्यापनात मदत करू लागले आणि त्यांच्या निधनानंतर स्वतंत्रपणे शिकवू लागले.

पॅरिसमधील अध्यापन

गार्सिया यांनी १८४० मध्ये मानवी आवाजाविषयीचा आपला प्रबंध फ्रेंच विज्ञान अकादमीला सादर केला. मॅजेंडी आणि द्युत्रोशे यांच्यासारख्या नामवंत शास्त्रज्ञांचा समावेश असलेल्या समितीने त्याचे परीक्षण करून अनुकूल अहवाल दिला. गायनशिक्षकाने मांडलेल्या निरीक्षणांची विज्ञान संस्थेने अशी दखल घेणे ही त्या काळी असाधारण गोष्ट होती.

या प्रबंधातील दोन कल्पना पुढे गायनशिक्षणात रूढ झाल्या. पहिली कल्पना ‘रजिस्टर’ म्हणजे स्वरपट्ट्याची. खालून वर जाताना आवाजाचा पोत एखाद्या ठिकाणी बदलतो, हा अनुभव गायकांना पूर्वीपासून होता. एकाच यांत्रिक क्रियेने निर्माण होणाऱ्या, सलग आणि एकजातीय स्वरांची मालिका म्हणजे एक स्वरपट्टा, अशी गार्सिया यांनी त्याची व्याख्या केली. ही क्रिया बदलली की पट्टा बदलतो. दुसरी कल्पना ‘तेजस्वी’ आणि ‘गडद’ अशा दोन स्वरगुणांची. तेजस्वी स्वरगुणात स्वर चढतो तसे स्वरयंत्रही वर सरकते, तर गडद स्वरगुणात ते खाली स्थिर राहते आणि मऊ टाळू उचललेली असते, असे त्यांनी दाखवले. अर्थात स्वराचा पट्टा आणि स्वराचा रंग या दोन स्वतंत्र बाबी असून त्यांची कारणेही वेगळी आहेत. हा भेद स्पष्ट झाल्यामुळे शिक्षकाला शिष्याचा दोष नेमका कोठे आहे हे सांगणे शक्य झाले.

जेनी लिंड

गार्सिया यांच्या पद्धतीची कसोटी ठरलेला प्रसंग १८४१ मध्ये घडला. जेनी लिंड ही स्टॉकहोम येथील वीस वर्षांची गायिका त्यांच्याकडे शिकण्यासाठी पॅरिसला आली. स्वीडनमध्ये ती आधीच लोकप्रिय होती. पण सततचे प्रयोग आणि सदोष आवाजफेक यांमुळे तिचा गळा थकला होता. गार्सिया यांच्यापुढे गाऊन दाखवताना तिचा आवाज फुटला. तिच्याकडे आता आवाजच उरलेला नाही, असे मत त्यांनी दिले. मात्र त्यांनी तिला परत पाठवले नाही. सहा आठवडे अजिबात न गाण्याची आणि शक्य तितके कमी बोलण्याची सूचना देऊन त्यानंतर पुन्हा येण्यास सांगितले.

विश्रांतीनंतर त्यांनी तिला आठवड्यातून दोन धडे देण्यास सुरुवात केली. श्वास घेणे आणि तो राखणे, मंद गतीने स्वरसप्तक म्हणणे आणि स्वर कोणताही धक्का न देता उचलणे अशा अगदी प्राथमिक गोष्टींपासून हे शिक्षण सुरू झाले. सुमारे दहा महिन्यांनंतर लिंड स्वीडनला परतली. पुढे युरोप व अमेरिकेत तिला ‘स्वीडिश नाइटिंगेल’ या नावाने अफाट कीर्ती मिळाली. स्वतःचा आवाज वाचवू न शकलेल्या शिक्षकाने दुसऱ्याचा मोडलेला आवाज सावरला, म्हणून गार्सिया यांच्या चरित्रात या घटनेला विशेष महत्त्व दिले जाते.

लंडन

१८४८ मध्ये फ्रान्समध्ये क्रांती झाली. त्याच वर्षी गार्सिया लंडनला स्थलांतरित झाले आणि रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिक या संस्थेत गायनाचे प्राध्यापक झाले. तेथे त्यांनी १८९५ पर्यंत, म्हणजे वयाच्या नव्वदीपर्यंत अध्यापन केले. संस्थेतून निवृत्त झाल्यानंतरही ते खासगीरीत्या शिकवत असत.

स्वरयंत्रदर्शकाचा शोध

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्वरयंत्राविषयीचे ज्ञान मुख्यतः मृत शरीरांच्या विच्छेदनातून आले होते. अठराव्या शतकात फेरँ या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने आणि पुढे योहानेस म्यूलर या जर्मन शास्त्रज्ञाने मृतांच्या स्वरयंत्रांतून हवा फुंकून स्वर निर्माण करण्याचे प्रयोग केले होते. जिवंत माणसाचा गळा आत पाहण्याचे प्रयत्नही झाले होते. जर्मनीत बोझिनी यांनी शतकाच्या प्रारंभी आणि लंडनमध्ये बॅबिंग्टन यांनी १८२९ मध्ये अशी उपकरणे तयार केली होती. पण ती प्रचारात आली नाहीत. गाणाऱ्या माणसाच्या गळ्यात प्रत्यक्ष काय घडते हे त्यामुळे अज्ञातच राहिले.

१८५४ च्या सप्टेंबर महिन्यात गार्सिया पॅरिसमध्ये असताना पॅले रोयाल परिसरात फिरत होते. तेथे काचेवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश पाहून त्यांना आरशांच्या उपयोगाची कल्पना सुचली. शारिएर या वैद्यकीय उपकरणे बनवणाऱ्या कारागिराच्या दुकानातून त्यांनी लांब दांडीचा, दंतवैद्यांसाठी बनवलेला एक छोटा आरसा सहा फ्रँकना विकत घेतला. हा आरसा त्यांनी गरम पाण्यात बुडवून, पुसून कोरडा केला. कारण थंड काचेवर श्वासाची वाफ धरून प्रतिमा पुसट झाली असती. मग तो पडजिभेजवळ टेकवून दुसऱ्या हातातील आरशाने सूर्यकिरण त्यावर टाकले. छोट्या आरशात त्यांना स्वतःचे उघडे स्वरद्वार दिसले.

या साधनाने त्यांनी श्वास घेताना आणि वेगवेगळे स्वर गाताना होणाऱ्या हालचालींची पद्धतशीर नोंद केली. श्वास घेताना स्वरद्वार रुंद उघडते आणि स्वर काढताना दोन्ही बाजूंच्या स्वररज्जू एकमेकींजवळ येतात. छातीच्या पट्ट्यात स्वररज्जू आपल्या पूर्ण जाडीनिशी एकमेकींना भिडतात, तर फॉल्सेटो या पातळ आवाजाच्या पट्ट्यात केवळ त्यांच्या कडा भिडतात. स्वररज्जू तारेप्रमाणे कंप पावून स्वतःच नाद काढतात, ही समजूत त्यांनी नाकारली. स्वरद्वार नियमितपणे मिटते व उघडते, त्यामुळे फुप्फुसांतून येणारी हवा छोट्या छोट्या झोतांत बाहेर पडते आणि या झोतांच्या मालिकेतूनच स्वर निर्माण होतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हे मिटणे-उघडणे जितके जलद, तितका स्वर उंच. स्वरनिर्मितीचे आजचे स्पष्टीकरणही मूलतः याच दिशेचे आहे.

हे निष्कर्ष ‘मानवी आवाजाविषयी निरीक्षणे’ या अर्थाच्या शीर्षकाच्या निबंधात मांडले गेले. १८५५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे शरीरक्रियावैज्ञानिक विल्यम शार्पी यांच्यामार्फत हा निबंध सादर झाला. सुरुवातीला त्याकडे फारसे लक्ष गेले नाही.

वैद्यकातील उपयोग

गार्सिया यांचा हेतू गायनविषयक होता. रोगनिदान त्यांच्या विचारात नव्हते. वैद्यकात या उपकरणाचा उपयोग करण्याचे श्रेय व्हिएन्नातील लुडविग ट्यूर्क आणि पेस्ट येथील योहान चेर्माक या दोन डॉक्टरांना जाते. ट्यूर्क यांनी १८५७ मध्ये रुग्णांवर आरशाचा प्रयोग सुरू केला. परंतु सूर्यप्रकाश पुरेसा नसल्याने हिवाळ्यात तो थांबवावा लागला. चेर्माक यांनी त्यांच्याकडून आरसे घेतले आणि दिव्याचा प्रकाश अंतर्वक्र आरशाने गळ्यात टाकण्याची युक्ती योजली. त्यामुळे उन्हावरील अवलंबित्व संपले. पुढे या दोघांमध्ये श्रेयावरून दीर्घकाळ वाद झाला. मूळ कल्पना गार्सिया यांची होती, हे मात्र सर्वमान्य झाले.

चेर्माक यांनी युरोपात ठिकठिकाणी प्रात्यक्षिके दाखवली आणि स्वरयंत्राच्या विकारांचा अभ्यास ही वैद्यकाची स्वतंत्र शाखा म्हणून विकसित होऊ लागली. त्यांच्याकडून ही पद्धत शिकलेले डॉक्टर मोरेल मॅकेन्झी यांनी १८६३ मध्ये लंडनमध्ये घशाच्या विकारांसाठी स्वतंत्र रुग्णालय स्थापन केले. ज्या रोगांचे निदान पूर्वी आवाज बसणे, धाप लागणे अशा बाह्य लक्षणांवरून करावे लागे, ते आता प्रत्यक्ष पाहून करता येऊ लागले. १८६२ मध्ये कोनिग्जबर्ग विद्यापीठाने गार्सिया यांना वैद्यकशास्त्राची सन्माननीय डॉक्टरेट दिली.

अध्यापनपद्धती आणि ग्रंथ

गार्सिया यांचा मुख्य ग्रंथ ‘गायनकलेचा संपूर्ण प्रबंध’ या अर्थाच्या नावाने फ्रेंच भाषेत दोन भागांत प्रकाशित झाला. पहिल्या भागात (१८४०) स्वरनिर्मिती, स्वरपट्टे, श्वास आणि आवाज लवचीक करण्याचे व्यायाम आहेत. दुसऱ्या भागात (१८४७) उच्चार, पदांची मांडणी, लय, अलंकार आणि भावाविष्कार यांचा विचार आहे. त्यात तत्कालीन संगीतिकांतील उतारे घेऊन गायक त्यांत कोठे श्वास घेत, कोठे स्वरांची भर घालत, याच्या तपशीलवार खुणा दिल्या आहेत. ध्वनिमुद्रण अस्तित्वात येण्यापूर्वीची गायनशैली समजून घेण्यासाठी संगीताचे अभ्यासक आजही या भागाचा आधार घेतात. ‘हिंट्स ऑन सिंगिंग’ हा प्रश्नोत्तररूपातील ग्रंथ १८९४ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाला. त्या वेळी गार्सिया यांचे वय ८९ वर्षांचे होते.

‘कू द ला ग्लोत’ ही त्यांची सर्वाधिक वादग्रस्त ठरलेली संज्ञा होय. तिचा शब्दशः अर्थ ‘स्वरद्वाराचा आघात’ असा होतो. स्वर सुरू करताना आधी हवा गळू न देता स्वरद्वार मिटलेले असावे आणि तेथूनच स्वर स्वच्छ, नेमका सुरू व्हावा, एवढेच गार्सिया यांना अभिप्रेत होते. खोकल्यासारखा छातीतून दिलेला धक्का आणि हा आरंभ यांत गल्लत करू नये, असे त्यांनी मूळ ग्रंथातच बजावले होते. तरीही ‘आघात’ या शब्दामुळे अनेक शिक्षकांनी त्याचा अर्थ जोरकस हिसका असा घेतला. त्यातून काही गायकांच्या गळ्यांना इजा झाली आणि दोष गार्सिया यांच्या पद्धतीला दिला गेला. ‘हिंट्स ऑन सिंगिंग’मध्ये त्यांनी या संज्ञेचे पुन्हा स्पष्टीकरण केले.

स्वरयंत्रदर्शकामुळे गार्सिया यांची पद्धत बनली, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. त्यांचा प्रबंध आरशाच्या प्रयोगापूर्वी चौदा वर्षे प्रकाशित झाला होता आणि जेनी लिंडचे शिक्षणही त्याआधीच पूर्ण झाले होते. कानाने ऐकून आणि शरीररचनेच्या अभ्यासावरून काढलेल्या निष्कर्षांची आरशाने पडताळणी झाली, असे म्हणणे अधिक योग्य ठरते. वर्गात शिष्याचा आवाज ऐकून दोष ओळखणारा कान हेच त्यांचे प्रमुख साधन राहिले.

शिष्यपरंपरा

गार्सिया यांच्याकडे युरोपातील अनेक देशांतून शिष्य येत असत. त्यांपैकी काही प्रमुख शिष्य पुढीलप्रमाणे:

• जेनी लिंड – स्वीडिश सोप्रानो गायिका.
• माथिल्डे मार्केझी – जर्मन गायिका व शिक्षिका. ऑस्ट्रेलियन गायिका नेली मेल्बा या त्यांच्या शिष्या होत.
• युलियस श्टॉकहाउझेन – बॅरिटोन गायक व शिक्षक. शूबर्ट यांच्या गीतमालिका मैफलीत सलगपणे गाण्याची प्रथा पाडण्यात त्यांचा मोठा वाटा होता. ब्राम्स यांनी ‘मागेलोने’ ही गीतमालिका त्यांना अर्पण केली.
• चार्ल्स सँटली – इंग्लंडमधील अग्रगण्य बॅरिटोन गायक.
• शार्ल बाताय – वैद्यकाचे शिक्षण घेतलेले फ्रेंच बेस गायक. त्यांनीही स्वरयंत्राविषयी संशोधन केले.
• अँटोनेट स्टर्लिंग – अमेरिकन कॉन्ट्राल्टो गायिका. त्यांचे पुत्र व गार्सिया यांचेच शिष्य स्टर्लिंग मॅकिन्ले यांनी १९०८ मध्ये गार्सिया यांचे चरित्र प्रसिद्ध केले.

गार्सिया यांचे पुत्र गुस्ताव्ह गार्सिया (१८३७–१९२५) हेही बॅरिटोन गायक व गायनशिक्षक होते. बहीण पॉलिन व्हियार्दो यांनीही अध्यापन केले. त्यामुळे ‘गार्सिया संप्रदाय’ ही संज्ञा एका व्यक्तीपुरती न राहता संपूर्ण घराण्याच्या शिक्षणपरंपरेसाठी वापरली जाते.

जन्मशताब्दी आणि निधन

१७ मार्च १९०५ रोजी गार्सिया यांनी वयाची शंभर वर्षे पूर्ण केली. स्वतःच्या जन्मशताब्दी सोहळ्याला हजर राहण्याचे भाग्य त्यांना लाभले. त्या दिवशी ब्रिटनचे राजे सातवे एडवर्ड यांनी त्यांना राजवाड्यात बोलावून रॉयल व्हिक्टोरियन ऑर्डरच्या कमांडर या पदाने सन्मानित केले. त्यानंतर लंडनमधील सभेत स्पेनच्या राजाच्या वतीने आल्फोन्सो बारावे यांच्या नावाचा सन्मान आणि जर्मन सम्राटाच्या वतीने विज्ञानासाठीचे सुवर्णपदक त्यांना देण्यात आले. या सोहळ्याच्या आयोजनात स्वरयंत्रतज्ज्ञ फेलिक्स सेमन यांचा पुढाकार होता आणि निरनिराळ्या देशांतील वैद्यकीय संस्थांनी मानपत्रे पाठवली होती. या निमित्ताने चित्रकार जॉन सिंगर सार्जंट यांनी काढलेले त्यांचे व्यक्तिचित्र त्यांना भेट देण्यात आले.

१ जुलै १९०६ रोजी लंडन येथे वयाच्या १०१ व्या वर्षी गार्सिया यांचे निधन झाले.

महत्त्व

गार्सिया यांच्यापूर्वी गायनविद्या प्रामुख्याने गुरूच्या अनुकरणातून दिली जात असे. स्वर ‘डोक्यात’ किंवा ‘छातीत’ ठेवावा अशा सूचना शिष्याला मिळत. पण त्यांमागील शारीरिक क्रिया स्पष्ट नसे. ही क्रिया शोधून तिचे वर्णन नेमक्या शब्दांत करण्याचा आणि त्यावर अध्यापन उभे करण्याचा पहिला सुसंगत प्रयत्न गार्सिया यांनी केला. त्यांच्या काही संज्ञा पुढे बदलल्या आणि स्वरपट्ट्यांच्या संख्येविषयी मतभेद राहिले. परंतु आवाजाच्या अभ्यासात गायक, शिक्षक आणि वैद्य यांनी एकत्र काम करावे, ही आज सर्वमान्य असलेली भूमिका त्यांच्या कार्यातून प्रथम ठळकपणे पुढे आली. कंठदोष असलेल्या गायकाला आज डॉक्टरकडे पाठवले जाते आणि डॉक्टर त्याचे स्वरयंत्र पाहून उपचार सुचवतात. या व्यवहाराचा आरंभ एका निवृत्त बॅरिटोन गायकाने उन्हात धरलेल्या दोन आरशांपासून झाला.